चुकवायचा नेम

"जत्रेत जिंकलेलं काय पण घरात हाडू नको गो बाय, ता माणसाक परत बोलवून घेता," असं मालनबाईंनी सुनेला बजावलं होतं. चेतनाने ते हसण्यावारी नेलं. एक तर ती जत्रा नव्हतीच, कांजूरमार्गच्या मैदानातला मालवणी महोत्सव होता. आणि दुसरं म्हणजे ती काही जिंकणार नव्हती. जान्हवीला फुगे फोडायचे होते. सहा वर्षांच्या पोरीच्या हातात छर्र्याची बंदूक ही कल्पनाच चेतनाला सोसेना, म्हणून "मम्मा मारते, तू लांब उभी राहा" म्हणत तिने ती स्वतःच घेतली, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

फळीच्या पार वरच्या कोपऱ्यात लिंबाएवढा एक फुगा होता. तो फोडणाऱ्याला जान्हवीपेक्षा उंच गुलाबी अस्वल मिळणार होतं. फुगेवाल्या माणिकने ते अस्वल इतक्या जत्रांतून फिरवलं होतं की त्याचा एक कान उन्हाने पांढरा पडला होता. फट्ट आवाज झाला. चेतनाने डोळे उघडले तेव्हा माणिक तिच्याकडे आपलं घर लुटल्यासारखा बघत होता.

"ताई, तुम्ही आर्मीत होता काय?"

"छे हो! पवईला असते, अकाउंट्समध्ये."

शेजारच्या जयंतीने हे सगळं मोबाइलवर टिपलं होतं. चेतनाची पाठ दिसत होती, मिटलेले डोळे दिसत नव्हते. अस्वल रिक्षातून घरी पोचायच्या आत व्हिडिओ पारिजात सोसायटीच्या ग्रुपवर पोचला.

एरवी गोष्ट तिथेच संपली असती. पण पारिजातमध्ये तेव्हा झोपाळ्याचा वाद पेटला होता. दोन विंगच्या मधे थोडी मोकळी जागा होती. अ विंगला तिथे मुलांसाठी झोपाळा हवा होता, ब विंगला बाइक लावायच्या होत्या. मतं घेतली, ती समसमान पडली. आणि पारिजातची जुनी रीत अशी की मतं समसमान पडली तर खेळून निकाल लावायचा. इमारत बांधली तेव्हाचे निम्मे सभासद गिरणी कामगार होते. "कोर्टात गेलेल्या गिरणीचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय," असं चेतनाचे सासरे काशीराम अजूनही सांगत. पाण्याची वेळ कॅरमवर ठरली होती, गच्चीची किल्ली रस्सीखेचीत अ विंगकडे आली होती. खेळ कुठला ते मागणी आधी करणाऱ्यांच्या विरुद्ध बाजूने निवडायचं. ब विंगने निवडली नेमबाजी, कारण त्यांच्याकडे कुंडलिककाका होते. रिटायर्ड हवालदार. पोलिसांच्या स्पर्धेत मिळालेली ढाल त्यांच्या दारासमोरच्या भिंतीवर अशी टांगलेली होती की दूधवाल्यालासुद्धा ती रोज बघावी लागे.

"चेतना आसा ना आपली!" काशीरामांनी अ विंगच्या मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं.

"बाबा, मला विचारायचं तरी!"

"तुका काय इचारूचा? व्हिडिओ बघितलंय मी चार वेळा. हात हललो नाय तुझो."

हात हलला नव्हता, कारण भीतीने तो आखडला होता. पण चेतनाची खरी अडचण निराळीच होती. तिला झोपाळा नको होता. मतदानात तिने गुपचूप बाइकच्या बाजूने चिठ्ठी टाकली होती. झोपाळा म्हटलं की तिला साखळी तुटलेली दिसे, पोरीचे दात दिसत, दवाखाना दिसे. हे बोलायची मात्र सोय नव्हती. जान्हवीने झोपाळ्याचं चित्र काढून फ्रिजवर लावलं होतं, त्यात सगळं घर एकाच वेळी झोके घेत होतं.

"नितेश, मी काय करू?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हर ना मग. सोप्पंय. तुला कुठे येतं काय?"

हे खरंच सोपं होतं. चेतनाला रात्री छान झोप लागली.

रविवारी माणिक आपली बंदूक घेऊन आला. मधल्या जागेत त्याने भिंतीलगत सुतळी बांधली आणि हातहात अंतर ठेवून तिला फुगे लटकवले. खाली कोणी तरी कधी काळी लावलेली बोगनवेल माजली होती. चेतनाने आधी अर्धा तास सुरक्षेत घालवला. मुलं दोरीच्या मागे, त्यांच्या डोळ्यांवर पोहायचे गॉगल. जान्हवी आणि काकांची नात दिशा त्या गॉगलमधून बेडकांच्या जोडीसारख्या बघत होत्या.

प्रत्येकी पाच छर्रे, जास्त फुगे फोडेल त्याची विंग जिंकली. कुंडलिककाका आधी उभे राहिले. एक पाय पुढे, श्वास रोखलेला. पहिला छर्रा चुकला. काकांनी नळीकडे पाहिलं, मान हलवली, दुसऱ्याला फुगा फोडला. ब विंगने शिट्ट्या मारल्या. त्यानंतरचे सगळे छर्रे भिंतीत गेले.

"काका, काय चाललंय यार? वाट लागली आपली!"

"वारा आहे रे."

"कुठाय वारा? वारा असता तर डंपिंगच्या कचऱ्याचा वास नसता आला?"

काका चष्मा पुसत खुर्चीत जाऊन बसले.

आता चेतनाला फक्त चुकवायचं होतं. या वेळी डोळे सताड उघडे ठेवून तिने दोन फुग्यांच्या बरोबर मधल्या रिकाम्या जागेवर, स्वच्छ भिंतीवर नेम धरला. चाप ओढला. उजवीकडचा फुगा फुटला.

"एक-एक!" काशीराम ओरडले. "शाब्बास गो माझे बाय!"

चेतनाला घाम फुटला. आणखी एक लागला की झोपाळा. फुग्यांच्या आसपास कुठेही मारणं धोक्याचं होतं. तिने नळी चांगली वर उचलली, फुग्यांच्या वर, भिंतीच्या टोकाला, जिथे सुतळीची गाठ आणि एक खिळा यांच्याखेरीज काही नव्हतं.

छर्रा खिळ्यावर टण्णकन वाजला आणि गाठ सुटली. सबंध माळ सावकाश, जणू विचार करत, खाली आली आणि बोगनवेलीच्या काट्यांवर पडली. लवंगी माळ लावावी तसे फुगे फुटले. एकसुद्धा उरला नाही.

मग ब विंगमधून केतन उठला. "हे चालणार नाही! छर्रा फुग्याला लागलाच नाही!"

"अगदी बरोबर!" चेतना घाईने म्हणाली. "हे धरूच नका. खरंच."

"बघा, मन किती मोठं पोरीचं!" जयंती म्हणाली, आणि टाळ्या पडल्या.

शेवटी सगळे कुंडलिककाकांकडे बघायला लागले. काका उठले. "फुगे फोडायचे असं ठरलं होतं. फुटले का? फुटले. मी हरलो." आणि त्यांनी चेतनाच्या हातातली बंदूक काढून माणिककडे दिली. तिच्याकडून ती सुटत नव्हती.

झोपाळा लागला. पहिल्याच संध्याकाळी चेतना साखळीची एकेक कडी ओढून बघत होती, तेव्हा काका दिशाला घेऊन आले.

"काका, एक विचारू? तुम्ही मुद्दाम हरलात ना?"

"हळू बोल! दिशाने अबोला धरला होता माझ्याशी. बाइकवाल्यांकडून खेळतोस म्हणाली. मग काय करणार? ती बंदूक उजवीकडे मारते, पहिल्या छर्र्यातच कळलं. इज्जतीपुरता एक फोडला आणि मग सरळ नेम धरत राहिलो. हरायला काही कष्टच नाहीत." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पण तू पोरी, दोन फुग्यांच्या मधे का मारत होतीस? मला दिसतं ते."

चेतनाने इकडे तिकडे बघितलं. "मला झोपाळा नको होता."

काका इतके हसले की त्यांना साखळी धरून उभं राहावं लागलं. हे दोघांतच ठेवायचं ठरलं. तेव्हापासून चेतना रोज संध्याकाळी झोपाळ्यापाशी उभी असते. जान्हवी पडली नाही, तिचे दात शाबूत आहेत. झोका किती उंच जावा याची एक रेघ चेतनाने खडूने भिंतीवर आखून दिली आहे.

पण आज ऑफिसने तिला ट्रेनिंगला नाशिकला पाठवलंय. झोपाळ्याची ड्यूटी कुंडलिककाकांवर सोपवून ती सकाळी निघाली. आत्ता तिने काकांना व्हिडिओ कॉल लावला तर कोणी तरी तो घेऊन फोन बाकावर उताणा टाकलेला. नुसतं आभाळ दिसतंय, साखळी करकरतेय, आणि मागून जान्हवीचा आवाज येतोय:

"कुंडलिकआजोबा, साखळी घट्ट धरा हं! दिशा, तू पण ढकल! रेघेच्या वर!"

मग काकांची आरोळी. मग फोन बंद.

नितेश फोन उचलत नाहीये, काशीराम देवळात गेलेत. तेव्हा तुमच्यापैकी कोणी कांजूरमार्ग पूर्वेला राहत असेल तर चेतनाची एक विनंती आहे. पारिजातमध्ये जरा डोकावून याल का? मुली ठीक असतील. काकांना तेवढं बघा.