हॉलमधला म्हातारा

हॉलमध्ये दोन म्हातारे होते. एक सूनबाईचे सासरे अण्णा आणि दुसरा कॉम्प्युटर. दोघांची जागा खिडकीपाशी शेजारीशेजारी होती. दोघेही सकाळी उठल्यावर बराच वेळ खाकरत, आणि काही काम सांगितलं की विचारात पडत. कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या कचेरीतून आणलेला होता. आणताना अण्णांचा मुलगा म्हणाला होता की यंत्र दणकट आहे. ते खरंच होतं, कारण ते उचलताना त्याच्या पाठीत उसण भरली. पण चालू केल्यावर त्याची जी घरघर सुरू झाली, तिच्यावरून घरात त्याला म्हातारा हेच नाव पडलं. अण्णांना ते रुचलं नव्हतं. त्याला म्हातारा म्हणता तर मला काय म्हणणार, असं त्यांनी विचारलं होतं. "तुम्हाला अण्णा म्हणू," सूनबाई म्हणाली होती, आणि विषय तिथेच मिटला होता.

सूनबाई दुभाषी होती. डॉक्टरांची भाषा रोग्याला आणि रोग्याची डॉक्टरांना समजावून सांगायची, असं तिचं काम. कित्येक वर्षं तिनं ते दवाखान्यांच्या खोल्याखोल्यांतून उभ्यानं केलं. मग गुडघा गेला. आता तेच काम घरात बसून कॉम्प्युटरवरून करता येईल असं एका कंपनीनं कळवलं होतं. पण आधी चाचणी. पहिल्या चाचणीत पलीकडचे डॉक्टर बोलता बोलता थांबले आणि गंभीर आवाजात म्हणाले, "रोग्याला ऑक्सिजन लावलाय का? हे मला आधी सांगायला हवं होतं." रोगी ठणठणीत होता. त्याच्या फक्त कानात मळ झाला होता. ऑक्सिजनचा आवाज म्हाताऱ्याचा होता. कंपनीच्या बाईंनी सभ्य शब्दांत सांगितलं की गुरुवारी दुपारी तीन वाजता आणखी एक संधी देऊ, आणि ती शेवटची. हे काम हातचं गेलं तर सूनबाईला आयुष्यभर येत असलेलं एकमेव काम संपणार होतं. ती कोणाला बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागेना.

गुरुवारी सकाळीच तिनं अण्णांना सांगून टाकलं की दुपारी तुम्ही बागेत जाऊन बसा. अण्णांचा आवाज खणखणीत होता आणि शिंक तर भिंतीपलीकडे जायची. "म्हणजे मीच अडचण," अण्णा म्हणाले, आणि टोपी घालून दुपारची वाट न बघता तेव्हाच निघून गेले. ते गेले आणि थोड्याच वेळात दुसरा म्हाताराही गेला.

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो त्या वेळी एका लिफ्टच्या टपावर उभा होता आणि त्याचे दोन्ही हात ग्रीसनं माखले होते. म्हणून त्याचा फोन खाली उभ्या असलेल्या मुकादमानं घेतला आणि स्पीकर सुरू करून वर धरला.

"म्हातारा गेला," सूनबाई म्हणाली.

"गेला? कधी?"

"आत्ताच. सकाळपासून घरघर वाढली होती. मी चहा ठेवायला आत गेले, परत येते तर सगळं शांत. अंग अजून गरम आहे."

"सुटलो एकदाचे," मुलगा वरून म्हणाला. "तू रडू नकोस. मी निघतो."

मुकादम मोठ्या मनाचा माणूस होता. तो अण्णांकडे जेवून गेलेला होता. त्यानं फोन बंद केला, डोळे पुसले, आणि मुलगा खाली उतरल्यावर विचारलं की मदतीला माणसं पाठवू का. मुलगा म्हणाला, माणसं कशाला, मी एकटाच जिन्यावरून खाली नेऊन ठेवतो, भंगारवाला येईल तेव्हा घेऊन जाईल. मुकादमाच्या हातातला पाना गळून पडला. दुःखानं माणसाचं डोकं फिरतं हे त्यानं ऐकलं होतं, पण इतक्या लवकर फिरेल असं त्याला वाटलं नव्हतं. अशा वेळी पोराला एकटं सोडायचं नाही, हे त्यानं मनाशी ठरवलं.

नवराबायको दुकानात भेटली. दुकानदार तरुण आणि फार माहितगार होता. प्रत्येक लॅपटॉप उघडून तो किती वेगवान आहे हे सांगायचा, आणि मुलगा तो कानाला लावायचा. लिफ्टचं चाक कुठे घासतंय हे त्याला असंच कळायचं. पण दुकानात पंखा होता, गाणी चालू होती. मुलानं गाणी बंद करायला लावली, मग पंखा. घामाघूम होऊन सगळे लॅपटॉपच्या श्वासाकडे कान देऊन उभे राहिले. तेव्हा एक पेच ध्यानात आला. वेगवान होता तो काम दिलं की तापायचा, तापला की त्याचा पंखा सुरू व्हायचा. शांत होता तो मुळात कामालाच लागायचा नाही. मुलाला शांत हवा होता, कारण आवाजानंच घात केला होता. सूनबाईला वेगवान हवा होता. ती म्हणाली, डॉक्टर दुखतं कुठे विचारणार आणि याचं चक्र फिरत बसणार, तोवर रोग्याचं दुखणं बरं होऊन जाईल. शेवटी दुकानदारानं आतून एक पातळसा लॅपटॉप आणला आणि यात पंखाच नाही असं सांगितलं. मुलाचा विश्वास बसेना. आत काहीच फिरत नसेल तर हे चालतं कशावर, असं तो विचारत राहिला. सूनबाईनं त्याच्यावर बोटं चालवून पाहिली. अक्षरं बोटांच्या आधी उमटल्यासारखी वाटली, आणि आवाज म्हणाल तर शून्य. तिनं तो छातीशी धरला आणि म्हणाली, "हाच."

घरी येऊन लॅपटॉप आतल्या खोलीत मांडला आणि खरी पंचाईत तेव्हा समजली. म्हाताऱ्याच्या घरघरीखाली आजवर काय काय दडलं होतं ते आता स्वच्छ ऐकू येऊ लागलं. वरच्या मजल्यावर मिक्सर फिरत होता. समोरच्या घरातल्या टीव्हीवर कुणाचं तरी लग्न मोडत होतं. जिन्यात मुलं चेंडू आपटत होती. मुलगा दारोदार जाऊन विनवून आला. मिक्सरवाल्या बाई म्हणाल्या की आमच्या घरात आम्ही काय करायचं ते तुम्ही सांगू नका. मुलांनी चेंडू लपवला आणि तो वळताच परत काढला. तीन वाजायला थोडाच अवधी होता. सूनबाई लॅपटॉपसमोर बसली होती. सासूच्या दुखण्यात दवाखान्यात रात्री जागवतानाही तिचा चेहरा इतका उतरला नव्हता.

"जाऊ दे," ती म्हणाली. "दार लावून घे."

मुलानं आतलं दार लावलं, हॉलमध्ये आला, आणि पाहतो तर पुढच्या दारात मुकादम, मागे कामावरची सगळी माणसं. त्याला वाटलं, नवा लॅपटॉप बघायला आले. एवढ्यात आतून सूनबाईचं "नमस्कार डॉक्टर" ऐकू आलं. त्यानं घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजला, "आत चालू आहे." मुकादमानं जड मनानं मान हलवली. चपला बाहेर निघाल्या. माणसं आत येऊन खाली मान घालून बसली. त्यांची ही शिस्त पाहून मुलाचा ऊर भरून आला.

चपलांचा ढीग पाहून शेजारच्या काकू दारात आल्या. मुकादमानं त्यांना जिन्यात नेऊन हळू आवाजात सांगितलं. काकू तशाच वर गेल्या. मिक्सर थांबला. मोडत असलेलं लग्न मध्येच थांबलं. चेंडूवाल्या मुलांना आयांनी दंडाला धरून घरात ओढलं. मिक्सरवाल्या बाई स्वतः दोन खुर्च्या घेऊन आल्या आणि त्या टेकवताना पायांखाली पदराचं टोक धरलं, आवाज नको म्हणून. त्या इमारतीत इतकी शांतता ती बांधली त्या दिवसापासून झाली नसेल. त्या शांततेत आतून सूनबाईचा एकटीचा आवाज येत होता, मऊ आणि ठाम. दुखतं कुठे, कधीपासून, रात्री झोप लागते का. बाहेरच्यांना वाटलं, ती गेलेल्याशी बोलते आहे. काकूंनी तोंडाला पदर लावला.

अण्णांना बाग लवकरच कंटाळवाणी झाली होती. ते जिना चढून आले, चपला पाहिल्या, भरलेलं घर पाहिलं, आणि टोपी काढली. दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीवर ते बसले. शेजारी मुकादम होता. त्यानं मान वर केली आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कोण?" अण्णांनी त्याच्या कानात विचारलं.

मुकादम कधी खोटं बोलत नसे. "तुम्ही," तो म्हणाला.

अण्णांनी तोंड उघडलं. समोर मुलगा ओठांवर बोट ठेवून हात जोडत होता, आणि आतून सुनेचा आवाज येत होता. त्यांनी तो थोडा वेळ ऐकला. मग तोंड मिटलं, टोपी मांडीवर ठेवली आणि सगळ्यांसारखी मान खाली घातली. मध्ये एकदा त्यांना शिंक आली, ती त्यांनी नाक दाबून जागच्या जागी जिरवली. डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी ते पाहिलं आणि कुठे बघावं ते त्यांना कळेना. एकेक करून बातमी नजरेनंच हॉलभर फिरली, आणि माना आणखी खाली गेल्या.

आतलं दार उघडलं. एवढी माणसं पाहून सूनबाई उंबऱ्यावरच थबकली.

"काम मिळालं," ती म्हणाली. "कंपनीच्या बाई म्हणाल्या, इतकं शांत ऑफिस त्यांनी पाहिलं नाही. सोमवारपासून सुरू. फक्त रोज अशीच शांतता पाहिजे, म्हणाल्या."

वरच्या मजल्यावरच्या बाई खुर्ची उचलावी की नाही या विचारात होत्या. अण्णा उठले, टोपी झटकली आणि मुकादमाकडे वळले.

"सोमवारी पण माणसं घेऊन या," ते म्हणाले. "मी पुन्हा जातो."