बेंदराच्या दिवशी हरण्या

मोटार-कंपनी काढायला शिक्षण लागतं असं ज्याला वाटतं, त्यानं माझ्यासमोर यावं! आमचे कुंडलिकराव अंगठाबहाद्दर. त्यांनी भोर-कापूरहोळ मोटार सुरू केली, तेव्हा इथले पदवीवाले ओट्यावर बसून फिदीफिदी हसले. वर्षाच्या आत तेच जागेसाठी भांडू लागले! कंपनीत दुसरा माणूस मी. शिव्या खायचं खातं माझ्याकडे.

कुंडलिकरावांना नाद एकच, बैलांचा. मोटारीचं नाव त्यांनी हरण्या ठेवलेलं. चढ आला की तिला थोपटून म्हणायचे, "चल रं लेका!" आणि ती चढायची!

आता पक्का परवाना तेवढा हवा होता, आणि तो द्यायचे सरकारी साहेब मोटारीत बसून पाहून. नाहीतर मोटार बंद! "येऊ देत साहेब, झोकात फिरवून आणतो," मी छाती ठोकली. साहेब यायचे ठरले नेमके बेंदराला, बैलांच्या सणाला!

सकाळी पाहतो तर नीरेकाठी हरण्या उभा आणि कुंडलिकराव त्याच्या इंजिनावर बादल्या ओततायत!

"अहो, हे काय?"

"सणाला आंघूळ नको व्हय त्येला?"

दिव्यांना शिंगांसारखा लाल हिंगूळ, पाठीवर झूल. त्यांच्या घरच्या धोंडावहिनींनी तर कहर केला. इंजिनात पाणी भरायचं झाकण उघडून आत पुरणपोळी कोंबली!

"गोडाचा घास, भावजी! रोज राबतोय बिचारा."

मी हँडल मारलं. हरण्यानं एक ढेकर दिली आणि मान टाकली. तेवढ्यात साहेब येऊन ऐटीत आत बसलेसुद्धा!

"बैल जोडा," मी कुजबुजलो.

"बेंदराला जू? जीव गेला तरी न्हाई!"

समोरून बैलांची मिरवणूक आली. कुंडलिकराव गरजले, "लावा रं हात!" मिरवणुकीतले तालमीचे गडी हरण्याला दोर बांधून ओढायला भिडले. ढोल, गुलाल, आणि मध्ये साहेब! गेला परवाना!

पण साहेबांचे डोळे पाणावले. मोठमोठ्या पुढाऱ्यांच्या गाड्या लोक हातांनी ओढतात, तोच मान आपल्याला मिळाला असं त्यांना वाटलं! "केवढं हे प्रेम!"

"साहेब, ह्यो मान हरण्याचा..." कुंडलिकराव खरं बोलायला निघाले. खोटं त्यांच्या जिभेवर टिकतच नाही! मी त्यांच्या पायावर पाय दिला.

साहेबांनी तिथंच परवान्यावर सही ठोकली. म्हणाले, "आता असंच कापूरहोळपर्यंत!"

गडी वेशीपाशीच पांगले, घरी पोळ्या निवत होत्या. पुढं दोर कुंडलिकरावांच्या खांद्यावर, मागून ढकलायला मी. चढाला साहेब वळून म्हणाले, "थोडा वेग कमी पडतो, नाही?"

एरवी कुणाच्या बापाला न भिणारा मी, खांदा लावून आणखी जोरानं ढकलू लागलो. परवान्यावरची शाई अजून ओली होती!