वानखडे काका आणि वादळाचं वेळापत्रक

अरबी समुद्रात कुठंही वारं फिरलं, की नांदुऱ्यात वानखडे काका काखेत रजिस्टर मारून माझ्या झेरॉक्सच्या दुकानात हजर होतात. नांदुऱ्यात समुद्र नाही. आहे ती ज्ञानगंगा, आणि तिच्यातही वर्षातले बरेच महिने पाणी शोधावं लागतं.

काका बसस्टँडवर कंट्रोलर होते. ‘धामणगाव बढेकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर’ असं भोंग्यावरून सांगणारा आवाज त्यांचा. भोंग्याखाली जन्म गेल्यामुळे कान अधू झाले. निवृत्त होऊन भोंगा सुटला, पण गाड्या लावायची खोड काही सुटली नाही. आता ते वादळं लावतात. रजिस्टरात रकाने आखलेत: कुठून सुटलं, मार्ग, येण्याची वेळ, शेरा. एका वादळापुढे शेरा आहे, ‘गोव्याजवळ पाच तास उभं. कारण कळवलं नाही.’

“कुठवर आलं, काका?” मी विचारतो.

“मालवण सोडलं. आता देवगडले लागून राह्यलं.”

हवामानाच्या अंदाजावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. “ते वरून पाह्यतात, बे. गाडी वरून दिसत नाही, स्टँडवर उभं राहून दिसते.” म्हणून त्यांनी कोकणातल्या चार स्टँडवरच्या कंट्रोलरांशी फोनवर दोस्ती केली आहे. एकालाही कधी भेटलेले नाहीत, पण चौघांच्या सासुरवाड्या त्यांना पाठ आहेत.

गावातले लोक आशेनं येतात. कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नसतात. “काका, वेचनी लावू काय उद्या?” काका वर बघतसुद्धा नाहीत. “तुह्या वावराचं मले काऊन विचारतं? ती गाडी इकडं येत नाही.” लोक चिडतात, म्हणतात म्हातारा कामापुरता शहाणा आहे. मीही चिडायचो. समुद्राच्या नकाशाची रंगीत प्रिंट काढून घ्यायची आणि वर मलाच म्हणायचं, “तुह्या मशीनचा निळा रंग लय फिक्का हाय, दर्या वाळल्यासारखा दिसते.”

या वादळांच्या नादाचं खरं कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मीना गुहागरकडच्या एका खेड्यात शिक्षिका आहे, सात वर्षं झाली. जायच्या दिवशी ती स्टेशनवर रडली होती. काकांनीच तिला गाडीत बसवलं. “सरकारी नोकरी हाय, पोरी. दोन वर्षांत बदली घेऊ.” बदलीच्या अर्जाची झेरॉक्स दरवर्षी मीच काढली. बदली झाली नाही. मधल्या काळात काकू गेल्या, आणि घरात काका एकटे राहिले.

काकांच्या गणितात एक खोट होती, ती मला आधी कळायला हवी होती. कोकणातून कळलेल्या वादळाच्या प्रत्येक वेळेत ते तास-दीड तास मिळवायचे. राजूरच्या घाटात ट्रक आडवा, कुठं वरात आडवी, हे बघण्यात त्यांची नोकरी गेली. वेळेआधी येणारी वस्तू त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. अंदाज सांगत होता, वादळ खोल समुद्रात निघून जाईल. काका सकाळपासून उठबस करत होते. फोन लाव, चष्मा पूस, रस्त्यावर जाऊन आभाळ बघ. आमचं आभाळ कोरडं ठणठणीत. दहाला रत्नागिरीहून कळलं, वारं जमिनीकडे वळलंय. काकांनी मीनाला फोन केला. तिची खोली खाडीकाठी, वर पत्रे.

“बाराची गाडी धर अन् चिपळूणले मैत्रिणीकडं जा. दोनच्या आत येत नाही ते. मी सांगून राह्यलो ना.”

मीना बाराच्या गाडीत बसली. साडेबाराला गुहागरच्या कंट्रोलरचा फोन आला. “काका, आलं हो ते. रस्त्यावर झाडं पडतायत.” पुढं फोन तुटला.

मीनाचा लागेना. काका बसले, उठले, काउंटरवरची माझी पेनं एका रांगेत लावली, पुन्हा विस्कटली. गिऱ्हाईक आलं तर मी हातानंच परत पाठवलं. हवामान खात्याचा अंदाज चुकल्याचा एरवी त्यांना केवढा आनंद व्हायचा, त्या दिवशी त्यांना त्याची आठवणही नव्हती.

“तिले मी घराबाहेर काढलं, संज्या,” ते म्हणाले. “दुसऱ्यांदा.”

मी चहा मागवला, तो तसाच निवला.

साडेतीनला फोन वाजला. काकांच्या कानांमुळे फोन कायम स्पीकरवर असतो.

“बाबा, मी बरी हाय. ड्रायव्हरनं गाडी वाटेतल्या गावातच थांबवली. सगळे शाळेत बसून हाओत. लोकायनं भात देला.”

काका खुर्चीत टेकले. मग एकदम म्हणाले, “घरी ये. नोकरी गेली चुलीत. दोघायचं भागते आपलं. उद्या नीघ.”

पलीकडे पावसाचा आवाज येत राहिला.

“बाबा, यंदा मी बदलीचा अर्ज भरलाच नाही. दिवाळीत आल्यावर सांगनार होती. मले इथंच करमते आता. माह्या शाळेतल्या पोरायले सोडून नाही येववत.”

काकांनी फोन कानापासून लांब धरला होता, तो आणखी थोडा लांब नेला.

“बरं,” ते म्हणाले. “भात गरम होता काय?”

“हाव, बाबा.”

फोन ठेवून त्यांनी रजिस्टर मिटून काखेत मारलं.

“रेंज नव्हती बे,” ते म्हणाले. “भाताच्या पुढचं काही ऐकू नाही आलं. तुले आलं काय?”

“नाही, काका,” मी म्हणालो.