लोर्नाबाईंचे बसणारे सर्व्हर

आर्डिस मावशीचा फोन आला तेव्हा व्हर्लिन टोस्ट्रुड स्वयंपाकघरात लॅपटॉप उघडून बसला होता आणि कुठल्याशा कंपनीला आपण कामासाठी किती उत्सुक आहोत हे चौथ्यांदा नव्या शब्दांत कळवत होता.

"व्हर्लिन, तुझं काम झालं समज," मावशी म्हणाली. ती त्याच्या बायकोची, डार्लाची मावशी. "लोर्ना प्रिबिल माहीत आहे ना? तळ्याकाठच्या सपर क्लब हॉटेलची? तिचे सर्व्हर महिनाभर नुसता छळ मांडून बसलेत. ऐन गर्दीत बसतात. मी म्हटलं, अगं, आमचा जावई मिनियापोलिसला बारा वर्षं हेच तर करत होता! आजच पाठव म्हणाली."

व्हर्लिन हा बॅकएंडचा प्रोग्रामर. म्हणजे ॲपवर गिऱ्हाईक जे बटण दाबतं ते तयार करणारा माणूस वेगळा. बटण दाबल्यावर पडद्यामागे जी धावपळ होते ती सांभाळणारा व्हर्लिन. बारा वर्षांत त्यानं एकाही गिऱ्हाइकाचं तोंड पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या लेखी एक तक्रार असे, स्क्रीनच्या तळाशी लाल अक्षरांत. वसंतात कंपनीनं त्याचा अख्खा विभागच बंद केला. शहरातलं भाडं परवडेना, म्हणून दोघं विस्कॉन्सिनला डार्लाच्या गावी आली. तेव्हापासून मुलाखती चालूच होत्या. शेवटच्या मुलाखतीत एका कोवळ्या साहेबानं त्याला फळ्यावर झाडासारखी एक आकृती काढून ती उलटी करायला लावली. व्हर्लिननं केली. साहेबानं छान म्हटलं, हात मिळवला आणि पुन्हा कधी फोन केला नाही. आपण झाड कशासाठी उलटं केलं, हे व्हर्लिनला अजून कळलं नव्हतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. त्या मुलखात हॉटेलात ताट आणून देणाऱ्या माणसालाही सर्व्हरच म्हणतात. व्हर्लिनला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. तो तिथेच लहानाचा मोठा झाला होता. पण एकच शब्द माणसानं वर्षानुवर्षं एकाच अर्थानं वापरला, की दुसरा अर्थ अडगळीत जातो, आणि नोकरी शोधणाऱ्या माणसाला तर अडगळीत डोकवायला फुरसत नसते.

"सपर क्लबला सर्व्हर कशाला लागतात?" शर्टाला इस्त्री करता करता डार्लानं विचारलं.

"आता सगळ्यांनाच लागतात. टॅब्लेटवर ऑर्डर घेतात, ती पुढे कुठेतरी जायला नको?"

"लोर्ना? टॅब्लेटवर?" डार्ला म्हणाली. पण बऱ्याच दिवसांनी नवरा शीळ घालत होता, म्हणून तिनं पुढे काही विचारलं नाही.

लोर्ना प्रिबिल साठीच्या घरातली, दणकट बाई होती. दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात बुडालेले होते, कारण शुक्रवार होता, आणि शुक्रवारी तिथे सगळं गाव तळलेला मासा खायला बाहेर पडतं.

"बसा. हात मिळवत नाही. सर्व्हरमध्ये किती वर्षं काढलीत?"

"बारा."

"एका वेळी जास्तीत जास्त किती सांभाळलेत?"

"दोनशेच्या आसपास. थँक्सगिव्हिंगच्या सणासुदीला आणखी भाड्यानं घ्यायचो."

लोर्नाबाईंचे हात पिठात थांबले. "दोनशे! माझ्याकडे पाच आहेत, तर माझे केस पांढरे झाले."

"पाच फारच थोडे," व्हर्लिन कळवळून म्हणाला. "एक बसला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. मग तेही बसतात."

"अगदी! अगदी हेच मी ओरडून सांगते! पण दोनशे ठेवायचात कुठे हो?"

"एका मोठ्या हॉलमध्ये, रांगेनं. हॉल थंडगार ठेवायला लागतो. जरा तापले की काम बिघडलंच."

"आमची ग्वेन लगेच तापते."

सर्व्हरला नाव आहे याचं व्हर्लिनला नवल वाटलं नाही. त्याच्या कचेरीत सगळ्या सर्व्हरना चीजची नावं होती. त्यानं धंदेवाईक सुरात विचारलं, "ग्वेन किती जुनी?"

"वीस वर्षं झाली."

"वीस!" व्हर्लिन म्हणाला. "बाई, मग तिला काढायलाच हवी."

"काढू कशी? कुणाला काय लागतं, कुणाला काय चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात आहे."

"दुसरीकडे कुठे उतरवून ठेवलेलं नाही?"

"कशाला उतरवायचं?"

"आणि उद्या ग्वेन अचानक गेली तर?"

लोर्नाबाईंनी पिठाच्या हातानं छातीवर क्रूस काढला. "असं अभद्र बोलू नका हो! बरं, मला सांगा, ऐन गर्दीत एखादा हटून बसला तर तुम्ही काय करता?"

हा प्रश्न व्हर्लिनच्या आवडीचा होता. "आधी एकदा बंद करून परत चालू करतो. तरी हलला नाही, तर मी वेळ घालवत नाही. मारून टाकतो आणि त्याच्या जागी दुसरा उभा करतो."

लोर्नाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्या गावात माणसं मीठ मागायच्या आधीसुद्धा माफी मागतात. हाताखालच्या लोकांना चढ्या आवाजात एक शब्द बोलणं बाईंना उभ्या आयुष्यात जमलं नव्हतं.

"मला असाच माणूस हवा होता," त्या हळूच म्हणाल्या. "चारला या. आणि काळे बूट घालून या."

काळे बूट कशाला, याचा व्हर्लिननं घरी जाईपर्यंत विचार केला. मग त्यानं ठरवलं की लहान गावात पाहिलं जातं हे, आणि बुटांना पॉलिश केलं.

चारला तो लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून हजर झाला. लोर्नाबाई कोबी चिरत होत्या.

"सर्व्हर कुठे आहेत? एकदा नजरेखालून घालतो."

"मागच्या दाराबाहेर. धूर काढत असतील."

"धूर?"

"रोजचंच आहे. गर्दी व्हायच्या आधी तिघंही असाच धूर काढतात."

"आणि तुम्ही ते बाहेर ठेवलेत? उघड्यावर?"

"आत कायद्यानं बंदी आहे ना!"

सर्व्हर घरात ठेवायला कुठल्या कायद्यानं बंदी आहे, हे व्हर्लिनला काही केल्या आठवेना. पण धूर निघत असताना कायदा कोण बघतो? भिंतीला आग विझवायचं लाल नळकांडं होतं. त्यानं ते उपसलं, खांद्यानं दार ढकललं. कचऱ्याच्या मोठ्या डब्याआडून खरोखरच धुराचे लोट येत होते. त्यानं खिट्टी ओढली, डोळे गच्च मिटले आणि मूठ आवळली.

धुरातून किंकाळी आली. व्हर्लिनच्या सबंध नोकरीत एकही सर्व्हर कधी किंचाळला नव्हता. त्यानं डोळे उघडले.

पांढरी भुकटी हळूहळू खाली बसली. तीन माणसं उभी होती. मधली एक उंच, वयस्कर बाई होती, भुवयांपासून ॲप्रनपर्यंत पांढरीफेक. तिच्या ओठांत अर्धी सिगारेट तशीच होती, तीही पांढरी.

"ग्वेन?" व्हर्लिननं विचारलं. आवाज फार बारीक निघाला, कारण सकाळपासून ऐकलेलं एकेक वाक्य त्याच्या डोक्यात उलटं होऊन धाडधाड खाली पडत होतं.

"तू कोण रे मेल्या?"

"मी... सर्व्हर सांभाळायला आलोय."

ग्वेनच्या डावीउजवीकडच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ॲप्रन सोडले, कचऱ्याच्या डब्यावर टाकले आणि दोघंही एकाच गाडीत बसून निघून गेली. ग्वेन डोळे चोळत म्हणाली, "मी घरी जाऊन अंघोळ करते. त्यानंतर याला मारायचं की नाही ते ठरवीन." आणि तीही गेली. उरलेल्या दोघींनी ताप आल्याचं सकाळीच कळवलं होतं. म्हणजे लोर्नाबाई दारात आल्या तेव्हा त्यांचे पाचच्या पाच सर्व्हर बसले होते.

"बाई, एक घोटाळा झालाय," व्हर्लिन म्हणाला. "मी काँप्युटरचे सर्व्हर सांभाळायचो. मशीनं."

"मग ते दोनशे जण?"

"पत्र्याचे डबे. दिवे लुकलुकतात त्यांच्यावर."

"थंड हॉलमधले?"

"हो."

"आणि तुम्ही मारून टाकायचात ते—"

"डबेच."

लोर्नाबाई बिअरच्या खोक्यावर बसल्या. "अरे देवा. आणि मी इथे दुपारभर आरशासमोर उभी राहून तुमच्यासारखं बोलायची तालीम करतेय!"

व्हर्लिन पिशवी उचलून निघणार होता. घरी डार्लाला काय सांगायचं, याचं पहिलं वाक्यही त्यानं मनात जुळवलं होतं. तेवढ्यात पुढच्या बाजूला गाडी थांबल्याचा आवाज आला, मग दुसरीचा, आणि मग एका मोठ्या बसचा.

"बोलिंगच्या संघाची बस आली," लोर्नाबाई उठल्या. त्यांनी डब्यावरचा ॲप्रन झटकला आणि त्याच्या छातीवर आपटला. "घाल."

"बाई, मला यातलं काही येत नाही!"

"घाल म्हटलं ना! नाहीतर बंद करून परत चालू करीन!" बाई ओरडल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्या.

व्हर्लिननं घातला.

पहिल्यांदाच माणसं त्याच्याकडे बघत होती. सगळी एकदम, तोंडं वर करून. काय हवं ते सांगत होती, आणि सांगता सांगता बदलत होती. मग त्याला कामातला नियम आठवला: जो आधी आला त्याला आधी. त्यानं तो निष्ठेनं पाळला. स्वयंपाकघरातून जे ताट बाहेर येई, ते सगळ्यांत जास्त ताटकळलेल्या माणसासमोर तो नेऊन ठेवी. त्या माणसानं काय मागवलं होतं, हा त्याच्या मते दुय्यम मुद्दा होता. बोलिंगच्या कप्तानाला पोरांचं सूप मिळालं. एका पोराला ब्रँडी मिळता मिळता राहिली. खिडकीशी बसलेल्या आजीबाईंच्या मांडीवर कोबीची कोशिंबीर सांडली. तो ती पुसायला लागला, तेव्हा आजीबाईंनीच त्याची माफी मागितली.

"हा मासा चार नंबरचा, गाढवा!" मागून आवाज आला. ओल्या केसांची ग्वेन नवऱ्याचा शर्ट घालून उभी होती. "बाजूला हो. मी ऑर्डर घेते, तू नुसता उचल आणि मी सांगते तिथे ठेव. विचार करू नकोस."

विचार करायचा नाही म्हटल्यावर काम बरंच सुधारलं. थोड्या वेळानं चार नंबरच्या टेबलावरचा एक जाडजूड शेतकरी तोंड पुसत म्हणाला, "मासा छान होता हं."

व्हर्लिन उभाच राहिला.

"काय झालं?" शेतकऱ्यानं विचारलं.

"पण?"

"पण काय?"

"म्हणजे, तक्रार?"

"तक्रार कसली? छान होता म्हटलं ना." आणि तो माणूस त्याच्याकडे बघून हसला. व्हर्लिन रिकामं ताट छातीशी धरून स्वयंपाकघरात गेला आणि उगाचच थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिला.

बाहेर आला तो दारातून डार्ला आणि आर्डिस मावशी येत होत्या. मावशीनं चर्चला जायचा कोट घातला होता. ॲप्रनमधल्या नवऱ्याला बघून डार्ला जागच्या जागी थबकली.

"व्हर्लिन? हे काय?"

"सांगतो. घरी गेल्यावर सांगतो. मावशी, तुम्ही म्हणाला होतात, सर्व्हर..."

"हो, मग?" मावशी खुर्ची ओढून बसली. "सर्व्हरच ना? शोभतोस अगदी."

"मावशी, मिनियापोलिसला मी काय करत होतो असं वाटतं तुम्हाला?"

"आता त्यात वाटायचं काय? डार्लानं लग्नाआधीच सांगितलं होतं, मोठ्या कंपनीत सर्व्हर सांभाळतो म्हणून. मी तेव्हाच म्हटलं, कष्टाचं काम आहे, दिवसभर पायांवर उभं राहायचं. आणि तू आपला दर ख्रिसमसला काँप्युटरचं काहीबाही सांगायचास." तिनं आवाज खाली आणला. "आम्ही कधी दाखवलं नाही हो. मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, पोरगा लाजतो, त्याला कुणी खोदून विचारायचं नाही."

व्हर्लिनला बारा ख्रिसमस आठवले. तो काम समजावून सांगत असताना सगळी मंडळी माना डोलवायची, कुणी एक प्रश्न विचारायचं नाही, आणि शेवटी कुणीतरी त्याच्या पाठीवर हळुवार थोपटायचं. तांत्रिक विषयात या घराला केवढी समज आहे, असं त्याला वाटायचं.

तोवर मावशी खिडकीपाशी बसलेल्या आजीबाईंकडे वळली होती. "आमचा जावई. बारा वर्षं शहरात हेच करत होता."

आजीबाईंनी मांडीवरचा कोबीचा शेवटचा तुकडा उचलून बशीत ठेवला. "दिसतंच आहे," त्या आदरानं म्हणाल्या. "शहरातली पद्धत निराळीच असते."

"मावशी, अगं, तो खरंच—" डार्लानं तोंड उघडलं.

व्हर्लिननं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला थांबवलं.

"बाई, बटाटा उकडलेला आणू की तळलेला?" त्यानं बायकोलाच अदबीनं विचारलं.