दुपारी एक ते चार सर्व्हर बंद

विषय : क्लाउड सर्व्हरवरील मेमरीच्या वापराचे निरीक्षण व खर्चकपात.
संदर्भ : आमच्या कन्येची तोंडी सूचना.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आमची दीपाली कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्येच कंपनी चालवते आणि तिला आजमितीस एकच गिऱ्हाईक आहे : शनिवार पेठेतले फराळवाले उत्तरेश्वर. त्यांची वेबसाइट ती सांभाळते. दिवाळी नीट पार पडली तर करार पुढे चालू, नाहीतर कंपनी बंद.

"बाबा, सर्व्हर म्हणजे भाड्याचं मशीन," हिंजवडीला निघताना ती म्हणाली. "मोकळी मेमरीही भाडं खाते. या आलेखावर लक्ष ठेवा. वापर कमीच राहिला तर लहान मशीन घेऊ. पण तुम्ही कशाला हात लावू नका."

(नोकरीत असताना मी कशालाच हात लावत नसे. निवृत्तीनंतर उत्साह वाढला.)

दुपारी रेघ पार खाली गेली. साहजिकच होतं. उत्तरेश्वरांचं दुकान एक ते चार बंद. मालक वरच्या मजल्यावर झोपलेले असताना खाली सर्व्हरने जागं राहून भाडं का खावं? रिकाम्या खोलीतला पंखा बंद करावा तसा मी तो बंद केला आणि स्वतःही आडवा झालो.

फोनने जाग आली. उत्तरेश्वर होते.

"भीमराव, मी वेबसाइट कशासाठी घेतली?"

"विक्री वाढावी म्हणून?"

"दुपारी झोपता यावं म्हणून! लोक मोबाइलवर काय ते मागवायचे. आज वेबसाइट बंद, म्हणून जो तो येऊन घराची बेल वाजवतोय!"

"बऱ्याच ऑर्डरी बुडाल्या का हो?"

"ऑर्डरी गेल्या खड्ड्यात! झोप कोण भरून देणार?"

संध्याकाळी दीपालीने सर्व्हर चालू केला आणि माझा पासवर्ड बंद.

"अगं, दुपारी वापर अगदीच कमी होता," मी म्हणालो.

"बाबा, तुमच्या ऑफिसात दुपारी तुमचा वापर कमी व्हायचा, म्हणून तुम्हाला कोणी बंद केलं होतं का?"

आमची ही, म्हणजे नंदा, इतकी हसली की पोळी करपली.

करार टिकला, पण उत्तरेश्वरांनी अट घातली : वेबसाइट चालू झाल्याचं गिऱ्हाइकांना पटेपर्यंत, म्हणजे दिवाळीपर्यंत, जबाबदार इसमाने एक ते चार त्यांच्या बेलखाली स्टुलावर बसावं आणि बेलकडे जाणारा प्रत्येक हात अडवावा. दीपालीने मला न विचारता होकार दिला.

सध्या मी तिथे बसतो. येणारे विचारतात, "दुकान बंद आहे, मग तुम्ही कशाला चालू?"

या कामातून मुक्त करावं, असा रीतसर अर्ज मी घरी दिला आहे. दीपालीची हरकत नाही. परंतु दुपारी घरातली बरीच जागा मोकळी होते, असा शेरा नंदाने मारल्यामुळे अर्ज प्रलंबित आहे.