बोधनकरांचं लॉबस्टर सँडविच

रविवारी सकाळी साडेआठला मनोहर बोधनकरांनी क्वार्टरचं दार उघडलं, तर समोर अशोक सक्सेना. त्याच्या दोन्ही हातांत ओल्या गोणपाटात गुंडाळलेली एक लाकडी पेटी होती आणि पेटीच्या आतून कुणीतरी खरवडत होतं.

"दादा, सरप्राइज!" सक्सेना म्हणाला. "लॉबस्टर! पूरे दो. आमच्या जीजाजींनी बंबईहून आणलेत, पंजाब मेलमध्ये गार्ड आहेत ना ते! आज शाम को पार्टी में तुमच्या हातचं सँडविच खायचं म्हणजे खायचंच."

सक्सेनाची आई जबलपूरच्या मराठी शेजारात वाढलेली, त्यामुळे तो दादांशी अशी खिचडी बोलायचा. एवढं बोलून पेटी हातात देऊन तो स्कूटरवरून निघूनही गेला. बोधनकरांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याचं कारण आता तुम्हाला म्हणून सांगतो. बोधनकर कारखान्याच्या टर्बाइन शॉपमधून कालच रिटायर झाले होते. हार, घड्याळ, जीपमधून घरापर्यंत मिरवणूक, सगळं रीतसर झालं होतं. आमच्या टाउनशिपची रीत अशी, की रिटायर झालेल्या माणसानं पुढच्या रविवारी सेक्शनला घरी चहाफराळाला बोलवायचं. आणि ह्या सेक्शनला बोधनकरांकडे एकच पदार्थ हवा होता. गेली सव्वीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत ते ज्याची गोष्ट सांगत आले, ते लॉबस्टर सँडविच.

गोष्ट अशी, की लग्न झालं त्याच वर्षाअखेर कंपनीनं त्यांना सहा महिने मुंबईला ट्रेनिंगला पाठवलं होतं. तिथे एका विलायती साहेबाच्या बंगल्यावर पार्टी झाली आणि पार्टीत लॉबस्टर सँडविच होतं. इथपर्यंत सगळं खरं. पण ट्रे बोधनकरांच्या शेजारच्या माणसापाशी आला आणि संपला. त्यांच्या वाट्याला आला तो नुसता वास. परत आल्यावर लोकांनी विचारलं, "कसं होतं?" आता वास घेतला म्हणून कुणी सांगतं का? बोधनकरांनी वर्णन केलं. ते इतकं झकास जमलं, की दर दोन महिन्यांनी कुणीतरी फर्माईश करायचं. नवे पोरगे भरती झाले, की जुने त्यांना सांगायचे, "दादा से लॉबस्टर सुनो." पगारात, पदात ते कुणाच्या पुढे गेले नाहीत. सेक्शनमध्ये त्यांना जो काही मान होता, तो ह्या सँडविचवर उभा होता आणि आज संध्याकाळी पाच वाजता तो धुळीला मिळणार होता.

"काय आहे हो पेटीत?" सुमित्राबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"शेवंड."

"म्हणजे?"

बोधनकरांनी झाकण उचललं. आतून दोन हातभर लांब मिशा बाहेर आल्या. सुमित्राबाई किंचाळल्या आणि थेट देवघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

त्यांचं माहेर इंदूरचं, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. बोधनकर बाहेर काय खातात ते त्यांनी कधी विचारलं नाही आणि घरात काय शिजेल ते बोधनकरांना कधी ठरवू दिलं नाही. त्यांची नवऱ्याबद्दल एकच तक्रार होती. सव्वीस वर्षं ह्या माणसानं ताटात पडेल ते निमूट खाल्लं, पण 'छान झालंय' म्हणून कधी म्हटलं नाही. फार झालं तर, "मीठ बरोबर आहे."

"माझ्या स्वयंपाकघरात हे येणार नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. "माझं एक भांडं मिळणार नाही. मागच्या अंगणात काय गोंधळ घालायचा तो घाला."

बोधनकरांनी अंगणात स्टोव्ह पेटवला आणि आंघोळीची लोखंडी बादली त्यावर चढवली. पेटीतला एक शेवंड आधीच थंड झालेला होता. दुसरा मात्र बादली बघताच मागे मागे सरकत धुण्याच्या दगडाखाली जाऊन बसला. बोधनकर पालथे पडून त्याला काठीनं ढोसत होते. अकरा वाजता सुमित्राबाई पाणी घ्यायला आल्या आणि त्यांचा जीव कळवळला.

"अहो, नका हो त्याला त्रास देऊ! कुठून कुठे आलंय बिचारं."

"मलाच त्रास होतोय, सुमित्रा!"

बाराच्या सुमारास त्या बिचाऱ्यानं आपणच मान टाकली. सुमित्राबाईंनी देवापुढे निरांजन लावलं.

आता शिजवायचं किती वेळ? बोधनकरांना मटणाचा अंदाज होता, त्याला पाऊण तास. ह्याला तर वर एवढं जाड कवच! त्यांनी दीड तास उकळलं. मग कवच फोडायला मागच्या व्हरांड्यातला वाइस आला, हॅक्सॉ आला, शेवटी छिन्नी आली. ज्या माणसानं जन्मभर टर्बाइनचे भाग मायक्रॉनमध्ये मोजले, त्याच्या चष्म्यावर, बनियनवर, तुळशीच्या कुंडीवर गुलाबी चुरा उडाला. एवढ्या खटाटोपातून एक वाडगाभर मांस निघालं. बोधनकरांनी तुकडा तोंडात टाकला. चावला. आणखी चावला. सायकलच्या ट्यूबसारखा तो जसाच्या तसा राहिला.

ते व्हरांड्याच्या पायरीवर डोकं धरून बसले. "सुमित्रा, माझी अब्रू गेली."

"बिघडलं का? मग काय झालं, सांगायचं बिघडलं म्हणून."

"बिघडलं की असंच लागतं, तेही मला ठाऊक नाही गं. मी कधी खाल्लंच नाहीये." आणि त्यांनी ट्रेची सगळी हकीकत सांगून टाकली.

सुमित्राबाई आधी हसल्या. इतक्या हसल्या, की दाराची चौकट धरावी लागली. मग नवऱ्याचा चेहरा बघितला आणि त्यांनी हसू आवरलं. पंचावन्न मिनिटांची जेवणाची सुट्टी, नऊ माणसं आणि मधे बसून रंगात आलेले हे, असं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. घरी एवढं बोलताना त्यांनी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"उठा," त्या म्हणाल्या. "बारीक चिरा ते आणि भरपूर लोणी लावा. लोण्यात काहीही खपतं. तुमच्या सेक्शनमधल्या त्या त्रिपाठीजींसाठी मला काहीतरी शाकाहारी करायचंच आहे. मक्याची कणसं आहेत घरात, किसून, परतून त्यांचा कीस करते आणि तोच ब्रेडमध्ये भरते. पोटं भरली की माणसं फार चौकशा करत नाहीत."

पाचला सेक्शन आलं. शाकाहारी सँडविचं स्टीलच्या परातीत आणि दुसरी, बरोबर अंगणाच्या दाराजवळ, टवका उडालेल्या इनॅमलच्या थाळीत होती. शंकर त्रिपाठी हे सेक्शनचे सर्वांत सोवळे गृहस्थ. घरून स्वतःचा पेला घेऊन आले होते. त्यांनी दोनदा विचारून खात्री केली आणि परातीतलं सँडविच उचलल्यावर मात्र थांबायचं नाव घेतलं नाही. चौथं त्यांच्या हातात होतं, तेव्हा सक्सेनानं समारंभपूर्वक लॉबस्टरचा पहिला घास घेतला.

सगळे त्याच्या जबड्याकडे बघत होते. जबडा हलला, हलला आणि हलतच राहिला.

"दादा," शेवटी तो कसंबसं गिळून म्हणाला, "ये वो नहीं है."

सक्सेनानं तोंडाची चव बदलायला म्हणून परातीतलं एक उचललं, चावलं आणि ताडकन उभा राहिला.

"ये है! यही है! थाळ्या बदलल्या, दादा! दाँत लगाओ तो घुल जाए, पहले हल्की मिठास, फिर पीछे से हरी मिर्च, आखिर में नींबू आणि वरून खोबऱ्याची भुरभुर! शब्द ना शब्द तुमचे!"

बाकीच्यांनी परातीवर हात टाकले. "वही है!" "बिल्कुल वही!" सव्वीस वर्षं कानांनी खाल्लेली चव सगळ्यांनी एका घासात ओळखली. बोधनकरांची अब्रू नुसती वाचली नव्हती, तिला चार चाँद लागले होते. गप्प राहायचं, बस. एवढंच काम होतं.

पण तेवढ्यात मोठा आवाज झाला. त्रिपाठीजींचा पेला खाली पडला होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मैंने... साढ़े तीन खा लिये," ते पुटपुटले. "बोधनकरजी, मेरी माँ को क्या मुँह दिखाऊँगा?" आणि ह्या साठीला टेकलेल्या माणसाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

बोधनकरांनी एकदा सक्सेनाच्या उजळलेल्या तोंडाकडे पाहिलं, एकदा त्रिपाठींच्या डोळ्यांकडे. मग ते उठले.

"त्रिपाठीजी, भुट्टा है. मका आहे हो तो, शपथेवर सांगतो. थाळ्या बदललेल्या नाहीत. खोटं काही असेल, तर ती माझी गोष्ट. लॉबस्टर मैंने कभी खाया ही नहीं. माझ्यापर्यंत ट्रे यायच्या आधीच संपलं होतं."

त्रिपाठीजींनी सावकाश श्वास सोडला, हातातल्या सँडविचकडे पाहिलं आणि उरलेलं अर्धं खाऊन टाकलं.

"एक मिनट," सक्सेना म्हणाला. "नहीं खाया, तर मग सव्वीस वर्षं आम्हाला काय सांगत होता?"

बोधनकर गोंधळले. त्यांनी स्वतःला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. त्यांनी परातीतलं एक सँडविच उचललं, घास घेतला आणि चावता चावता थांबले. मग वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले. दारात सुमित्राबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"अरे खाँ!" सक्सेना आमच्या गावच्या थाटात ओरडला. "म्हणजे दादा आम्हाला भाभीजींचा कीस ऐकवत होते!"

मग जो हशा उठला तो शेजारच्या चार क्वार्टरांत ऐकू गेला. हशात चेष्टा होती, नाही असं नाही. पण परात दोनदा भरावी लागली. जाताना सक्सेनानं बोधनकरांना मिठी मारली आणि बजावलं, की शुक्रवारी नवा पोरगा जॉइन होतोय, त्याला गोष्ट सांगायला जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी या. पहिल्यासारखीच सांगायची, अखेर मात्र आता खरी.

सगळे गेल्यावर बोधनकर अंगणात बादली घासायला बसले. सुमित्राबाई पायरीवर येऊन बसल्या.

"लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात केला होता मी कीस," त्या म्हणाल्या. "किती उमेदीनं केला होता! तुम्ही काय म्हणालात आठवतंय?"

"मीठ बरोबर आहे म्हणालो असेन."

"तेवढंच म्हणालात. मी रात्री रडले होते. छान लागला होता, तर तसं म्हणायला काय झालं होतं? सव्वीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतं."

बोधनकरांनी काथ्या खाली ठेवला.

"बोलत होतो की," ते म्हणाले. "दर दोन महिन्यांनी. फक्त तू सोडून सगळ्यांना सांगत बसलो."

सुमित्राबाईंनी पदरानं डोळे टिपले. मग आत जाऊन परातीत मागं ठेवलेलं शेवटचं सँडविच त्यांनी आणलं आणि नवऱ्याच्या पुढ्यात धरलं.

"घ्या. आणि आता मला सांगा, कसं असतं ते लॉबस्टर."

बोधनकरांनी हात धुतले, मांडी ठोकून बसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.