दाजीशेटची पाटी आणि दोन मुनिया

माणूस भाड्याने राहायला लागला की त्याला शिस्त लागते, आणि ती शिस्त घरमालक जिन्याखाली पाटीवर लिहून ठेवतो. आमचे घरमालक दाजीशेट. गव्हाणला मिठागरं, पनवेलात चाळ. चाळीत खोल्या अकरा, माणसं त्रेसष्ट, संडास दोन (एक शेटच्या पाहुण्यांसाठी, म्हणून कायम कुलपात). छपन्न सालच्या दिवाळीत त्यांनी पाटी लावली : 'पिंजऱ्यात जनावर-पाखरू ठेवू नये. ठेवल्यास खोली खाली करावी.'

कारण शकूमावशीच्या दोन लाल मुनिया. दोघींचं मिळून वजन लिंबाएवढं, पण त्या पहाटे बोलतात आणि शेट उशिरापर्यंत झोपतात, म्हणजे इमारतीला धोका होताच.

"शकूबाय, पाखरं सोड नायतर खोली सोड," शेट म्हणाले. "आमी जुलूम करत नाय. दोनातलं एक तुला हाय ना."

मावशीला मागेपुढे कुणी नाही. खोली गेली तर मुनियांना कुठे टांगायचं, आणि मुनिया गेल्या तर खोलीत बोलायचं कुणाशी, एवढाच काय तो प्रश्न. तिला महिनाभराची मुदत मिळाली.

खालच्या खोलीतले हाफिजचाचा दोरखंड आणि कंदील विकतात आणि कुठलीही पाटी दोनदा वाचतात. ते म्हणाले, "हुकूम तर दुरुस्त आहे. मग उंदराच्या पिंजऱ्याचं काय? त्यात पण जनावरच येतं ना?"

आमची चाळ कायद्याला भिणारी. त्याच दिवशी अकराही खोल्यांनी उंदराचे पिंजरे माळ्यावर टाकले. (मोकळ्या उंदराला पाटीची हरकत नाही. तो कुणी ठेवलेला नसतो, आपला आपण राहतो.) उंदरांनी पंधरा दिवस चाळीची पाहणी केली. भाडेकरूंकडे तांदूळ डब्यात, तळमजल्यावर शेटकडे वर्षाचा कणगीत. उंदीर शाळेत गेलेले नसतात, त्यामुळे त्यांचं डोकं चालतं.

तिसऱ्या रविवारी शेट वर आले. धोतराला सात भोकं होती.

"पिंजरं लावा रे."

"पाटी आहे ना, शेट."

"मी सांगतो ना."

"हुकूम लेखी," चाचा म्हणाले, "तर सवलत पण लेखी पाहिजे."

शेटनी दात खात पाटीवर दुसरी ओळ लिहिली : 'पकडलेलं जनावर-पाखरू सोडून येईपर्यंत पिंजऱ्यात ठेवण्यास हरकत नाही.'

रंग वाळायच्या आत मावशीने मुनियांचा पिंजरा गॅलरीत टांगला.

"ह्ये काय गो?"

"पकडलेल्या आहेत, शेट. सोडायच्यात."

"कवा?"

"चाचा जागा बघतायत."

"मुनासिब जागा मिळत नाही, शेट," चाचा म्हणाले. "पनवेल किती वाढतंय बघा."

याला आता चार वर्षं झाली. जागा बघणं चालू आहे. शेट पहाटे उठतात (नाइलाजाने), आणि बाजारातून येताना मुनियांना मूठभर राळे आणतात (मावशीचं लक्ष नसताना).

उंदीर मात्र आम्ही त्याच दिवशी सोडतो. पिंजऱ्यावर पिशवी घालून, लांब नेऊन. आपल्या आळीत सोडायचा नाही, शेजारधर्म आहे. तुमच्या स्वयंपाकघरात हल्ली एक डावा कान तुटलेला येतो ना, तो आमचाच. पकडायच्या आधी तुमच्या जिन्याखालची पाटी तेवढी वाचून घ्या.